पावती, हप्ता आणि पोच

प्रवेशाच्या कॅप राउंडची (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या फेरीची) यादी लागते त्या दिवशी घरात पेढे येतात आणि त्याच रात्री हिशेबाची वही उघडते. बीडीएस, फिजिओथेरपी, बीएएमएस, नर्सिंग, कुठलीही जागा असो, रिपोर्टिंगला हातात मोजकेच दिवस असतात. तेवढ्यात मूळ कागदपत्रं, जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, मेडिकल फिटनेस आणि डीडी असं सगळं गोळा करायचं. याच धावपळीत नुकतं अठरावं गाठलेलं पोर पुढची वीस वर्षं चालणाऱ्या कर्जावर सही करतं. शेजारी सहकर्जदार म्हणून आई किंवा वडील सही करतात. हे कर्ज नेमकं कसं वाढतं, ते कधी फेडायला लागायचं, काय केलं तर कमी होईल, हे समजावून सांगायचं काम कुणाचं? बँकेतला अधिकारी म्हणतो, ‘कॉलेजचं फी स्ट्रक्चर आणा.’ कॉलेजची खिडकी म्हणते, ‘बँकेचं बँकेत विचारा.’ शेवटी माहिती मिळते ती झेरॉक्सच्या दुकानात, आपल्यासारख्याच रांगेतल्या दुसऱ्या बापाकडून.

अमेरिकेत हे काम कायद्याने कॉलेजच्या गळ्यात बांधलेलं आहे. तिथे केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज पहिल्यांदा घेणाऱ्याला पैसे हाती पडण्याआधी कर्जाचं समुपदेशन घ्यावंच लागतं. कॉलेज सोडताना पुन्हा एकदा घ्यावं लागतं. मध्येच शिक्षण सोडून गेलेल्यालाही ती माहिती पाठवायची जबाबदारी कॉलेजची असते. शिवाय तक्रार करायची तर राज्यात कुणाकडे आणि मान्यता देणाऱ्या संस्थेकडे कशी, हेही कॉलेजने विद्यार्थ्याला कळवायचं असतं. याचा अर्थ तिकडे सगळं आलबेल आहे असा नाही. कर्ज काढून डॉक्टर झालेल्या अमेरिकन विद्यार्थ्याच्या डोक्यावर साधारण २ लाख डॉलर असतात आणि ते समुपदेशन बरेचदा संगणकावर भराभर ‘पुढे’ दाबत उरकलं जातं. तरी एक गोष्ट मान्य केलेली आहे: कर्ज समजावणं हा शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग आहे.

आपल्याकडे सांगण्याची सक्ती नाही. विद्यार्थ्याची तक्रार ऐकण्याची सक्ती मात्र आहे आणि ती बऱ्याच पालकांना ठाऊकच नसते. तिच्याकडे येऊच; आधी आकडे पाहू, कारण आकडे पाहिल्याशिवाय तक्रारीची किंमत कळत नाही.

समजा, एका मुलीला खासगी कॉलेजात बीडीएसला प्रवेश मिळाला. वर्षाला ३ लाख रुपये याप्रमाणे चार वर्षांचे १२ लाख बँकेने दिले. व्याजदर १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं, इंटर्नशिपचं एक आणि त्यानंतर सवलतीचं एक, अशी सहा वर्षं हप्ता नाही. आपल्याकडे ‘हप्ता नाही’ याचा अर्थ सर्रास ‘व्याज नाही’ असा घेतला जातो. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. या काळात ते सरळव्याजाने मोजलं, तरी पहिल्या वर्षीच्या ३ लाखांवर सहा वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या ३ लाखांवर पाच वर्षांचं, अशा हिशेबाने ५ लाख ४० हजार होतं. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी १२ लाखांचे १७ लाख ४० हजार झालेले असतात. ते पंधरा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १८,७००. बँकेला एकूण गेले साडेतेहतीस लाखांच्या वर.

आता त्याच घराने शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहायचं ठरवलं तर? पहिल्या वर्षी महिन्याला २,५०० रुपये, दुसऱ्या वर्षी ५,०००, मग ७,५०० आणि पुढची तीन वर्षं १०,०००. सहा वर्षांनी मुद्दल १२ लाखच राहतं, हप्ता १३ हजारांच्या आत येतो आणि शेवटी एकूण साधारण ५ लाख रुपये वाचतात. मधल्या काळात व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्क्याची सूट देण्याची तरतूद बँकांच्या संघटनेच्या नमुना योजनेत आहे. ती देणं बँकेच्या मर्जीवर असतं, म्हणून विचारावी लागते. सगळ्यांना १० हजार जमणार नाहीत. पण पहिल्या वर्षीचे अडीच हजार जमणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना हा पर्याय कुणी सांगितलेलाच नसतो.

हे झालं बँकेने कर्ज दिलं तर. ४ लाखांपर्यंत तारण नाही, त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत जामीनदार आणि त्यावर तारण, अशी ढोबळ रचना २००१ पासूनच्या नमुना योजनेत आहे. तारण म्हटलं की शेतकरी बाप सात-बारा घेऊन बँकेत जातो आणि तिथेच पहिला धक्का बसतो. थकीत कर्जासाठी बँका ज्या कायद्याने मालमत्ता जप्त करतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जाला बँका शेत तारण म्हणून सहसा घेत नाहीत. त्यांना एनए प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव हवी असते. पाच एकर बागायत असलेला माणूस बँकेच्या लेखी तारणाविना उरतो आणि पतसंस्थेच्या किंवा सोन्यावरच्या कर्जाकडे वळतो. सोनेतारण झटपट मिळतं, पण त्यात सहा वर्षांची सवड नसते. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर सिबिल या पतगुणांकाचं कारण पुढे येतं. या मुद्द्यावर केरळ उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिलेले आहेत. शाखेत मात्र निकाल नव्हे, स्क्रीनवरचा आकडा पाहिला जातो.

योजना नाहीत असं नाही. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत असेल तर शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. त्यासाठी संस्थेला नॅकसारखं मूल्यांकन हवं आणि अर्ज वेळेत बँकेमार्फत जायला हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक उत्तम संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज देते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. मॅनेजमेंट कोट्यातल्यांना ती नाही. महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या मागास (ईबीसी) कुटुंबांतल्यांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयापासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. पुढे उत्पन्न सुरू झाल्यावर जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट मिळते, ती आठ वर्षं. यांतली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर आहे. पण पोर्टलवर असणं आणि वैजापूरच्या आईला वेळेवर कळणं यांत फार अंतर आहे.

म्हणून मला वाटतं, कर्जाचा सल्ला म्हणजे आधी कर्ज कमी कसं काढता येईल याचा सल्ला. आणि ते कमी करण्याची पहिली जागा बँकेत नसून कॉलेजच्या फीच्या खिडकीवर असते.

फी किती घ्यायची हे खासगी विनाअनुदानित कॉलेज स्वतः ठरवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ ते २००५ मधल्या निकालांच्या मालिकेने (त्यातला शेवटचा, इनामदार खटला महाराष्ट्रातलाच) नफेखोरी आणि कॅपिटेशन फीला मनाई केली. पुढे महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायदा करून शुल्क नियामक प्राधिकरण नेमलं. हे प्राधिकरण कॉलेजचा जमाखर्च पाहून त्या-त्या वर्षाचं शुल्क मंजूर करतं आणि आकडा आपल्या संकेतस्थळावर टाकतं. अभिमत विद्यापीठं या चौकटीबाहेर आहेत आणि तिथली फी किती जास्त असते हे ती भरणाऱ्यांना सांगायला नको. वसतिगृह, मेस हेही मंजूर शुल्कात येत नाही.

खरी गंमत या ‘येत नाही’मध्ये आहे. आरोग्य शिक्षणाच्या कॉलेजात फीच्या पावतीखेरीज इतकी काही देणी असतात की साध्या पदवी कॉलेजवाल्याला चक्कर यावी. अनामत, जिमखाना, विद्यापीठ नोंदणी, एप्रन, डिसेक्शन किट. दंतवैद्यकाच्या मुलांना तर हत्यारांचे संच घ्यावे लागतात आणि परीक्षेला बसण्याआधी ठरलेल्या संख्येने फिलिंग, कवळ्या, रूट कॅनॉल करून कोटा पूर्ण करावा लागतो. पेशंट मिळाला नाही की मुलं ओळखीपाळखीतून पेशंट शोधून आणतात आणि त्याच्या उपचाराचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतात, हे कुठल्याही डेंटल हॉस्टेलवर ऐकायला मिळतं. बँक कर्ज देते ते कॉलेजच्या पत्रावर आणि पावतीवर. पावती नसलेला खर्च घरून येतो, म्हणजे बहुधा महागड्या कर्जातून.

आता समजा, पहिल्या वर्षी कॉलेजने कुठल्या तरी नावाखाली मंजूर शुल्कापेक्षा ५० हजार जास्त घेतले. वडील म्हणतात, ‘जाऊ दे, पोरीचं वर्ष वाया जायला नको.’ तेच ५० हजार कर्जात असतील तर वरच्याच दराने सहा वर्षांत ८० हजार होतात आणि पंधरा वर्षांचे हप्ते संपेपर्यंत दीड लाखाच्या वर जातात. तक्रार न करणं फुकट पडत नाही, ते असं मोजता येतं. शिष्यवृत्तीचंही तसंच. पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये, असं सरकारने संस्थांना वारंवार बजावलं आहे. तरी ‘आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की परत देऊ’ हे वाक्य अजून ऐकू येतं. सरकारचे पैसे यायला वर्ष-दोन वर्षं लागली तर तेवढ्या काळाचं व्याज मुलीच्या नावावर चढतं, संस्थेच्या नाही.

इंटर्नशिपमधला आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणातला स्टायपेंड हा कर्जाचा पहिला आधार व्हायला हवा. प्रत्यक्षात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पाहणीत पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दोन तऱ्हा नोंदवल्या: स्टायपेंड मिळतच नाही, किंवा खात्यावर येतो आणि संस्थेला परत करावा लागतो. दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण कागदावर सगळं बरोबर दिसतं.

इथे तक्रारीचा विषय येतो आणि भीतीचाही. आरोग्य शाखेतला विद्यार्थी तक्रार का करत नाही, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. वर्ग लहान असतो. एमडी-एमडीएसला तर एका विभागात दोन-तीन जागा. निनावी पत्र लिहिलं तरी अक्षर ओळखण्याइतकी माणसं कमी. इंटर्नल मार्क विभागाच्या हातात, केस कुणाला द्यायची हे विभागाच्या हातात आणि व्हायवाच्या टेबलावर बाहेरच्या परीक्षकाशेजारी बसणारे आतले परीक्षक तेच. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच सहीशिवाय जर्नल पूर्ण होत नाही. अशा जागी ‘आमच्याकडे एकही तक्रार आली नाही’ असं प्राचार्य अभिमानाने सांगतात तेव्हा मला त्या कॉलेजची काळजी वाटते.

ऐकण्याची सक्ती म्हटलं ती ही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नवे विनियम लागू केले. त्यानुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. अध्यक्ष प्राध्यापक, सोबत चार ज्येष्ठ शिक्षक आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. समितीत किमान एक महिला आणि किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला असलाच पाहिजे. तक्रार आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत समितीने अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर विद्यार्थ्याला १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं आणि लोकपालाने ते ३० दिवसांत निकाली काढायचं. हा लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. सुनावणीला विद्यार्थी स्वतः जाऊ शकतो किंवा प्रतिनिधी पाठवू शकतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की माहितीपत्रकात जाहीर केलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणं, शिष्यवृत्ती न देणं आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, या तिन्ही गोष्टी या विनियमांत तक्रार म्हणून नावानिशी मोजल्या आहेत. दुसऱ्या राउंडला चांगली जागा मिळालेल्या मुलाला ‘उरलेल्या वर्षांची फी भरा, मग बारावीचं मार्कशीट न्या’ असं सांगणं ही काही कॉलेजची जुनी खोड. न शिकलेल्या वर्षांची फी वसूल करण्यासाठी कागद अडवणं म्हणजे तक्रारीचं कारण, असं आयोगाने स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

नियम चांगला झाला म्हणून अंमल झाला असं नाही. जून २०२४ मध्ये, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर, लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादी आयोगाला जाहीर करावी लागली. त्यांत १०८ सरकारी होती. खासगी संस्थांना नावं ठेवण्याआधी हा आकडा ध्यानात ठेवलेला बरा.

मग तक्रार करायची तरी कशी? तोंडी नको. खिडकीवर वाद घालून आलेल्या बापाच्या हातात दुसऱ्या दिवशी काहीच नसतं. एका पानाचा अर्ज, त्यात तारीख, मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम आणि मागणी एवढंच. ‘अन्याय’, ‘लूट’ हे शब्द खरे असले तरी अर्जात त्यांचं काम नाही. ‘प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर २०२५-२६ साठी मंजूर शुल्क अमुक आहे, आमच्याकडून तमुक घेतलं, फरकाची रक्कम परत मिळावी’ हे वाक्य जास्त टोचतं. अर्जाची दुसरी प्रत घेऊन आवक विभागात द्यायची आणि शिक्का, तारीख, आवक क्रमांकासह पोच घ्यायची. कामाचे १५ दिवस मोजायचे तर कधीपासून, हे ती पोच ठरवते. पोच द्यायला नकार मिळाला तर स्पीड पोस्टाने किंवा कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवायचं. अर्ज एकट्याने देण्यापेक्षा दहा-बारा जणांनी मिळून, शक्यतो पालकांच्या सहीने द्यावा. व्हायवाच्या टेबलावर पालक बसत नाहीत.

कुठली तक्रार कुठे, याचीही गल्लत होते. मंजुरीपेक्षा जास्त फी घेतली असेल तर शुल्क नियामक प्राधिकरण. परीक्षा, इंटर्नल, हॉल तिकीट असेल तर आधी कॉलेजची समिती आणि मग नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ; १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यातली बहुतेक आरोग्य महाविद्यालयं संलग्न आहेत. शिष्यवृत्ती अडकली असेल तर आधी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कुठल्या टेबलावर थांबलाय ते पाहावं. बरेचदा तो कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पडून असतो आणि सगळे मुंबईला शिव्या घालत असतात. ग्राहक आयोगाची वाट खात्रीची नाही, कारण शिक्षणसंस्था त्या कायद्याखाली येतात की नाही यावर न्यायालयांत मतभेद झालेले आहेत.

बँकेविरुद्धची तक्रार वेगळी. कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागावं. न विचारता कर्जासोबत विमा गळ्यात मारून त्याचा हप्ता कर्जात मिळवला असेल, व्याजसवलतीचा दावा शाखेने वेळेत पाठवला नसेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही.

हे सगळं प्रत्येक घराने आपापलं शोधून काढायचं, हीच मुळात चुकीची व्यवस्था आहे. कॉलेजला हे अवघडही नाही. जिथे रोज पेशंटला आजार, औषध आणि खर्च समजावून त्याची संमतीपत्रावर सही घ्यायला शिकवतात, तिथे फीच्या खिडकीवर कर्जाबाबत तसं काहीच होत नाही, ही विसंगती कुणाला खटकत कशी नाही? अकाउंट सेक्शनमधल्या एका माणसाला प्रवेशाचे दोन महिने एवढंच काम द्यावं. त्याने समोरच्या कुटुंबाचं उत्पन्न, प्रवर्ग आणि प्रवेशाचा प्रकार विचारून कोणती सवलत लागू होते ते सांगावं, चार वर्षांचा सगळा खर्च, हत्यारं आणि मेससकट, एका कागदावर लिहून द्यावा आणि सहा वर्षांनंतरचा हप्ता किती येईल ते दाखवावं. अर्ध्या तासाचं काम. त्याच माणसाने तक्रार वहीही सांभाळली तर तिसऱ्या महिन्यात कॉलेजला कळेल की तक्रारींतल्या निम्म्या पैशाच्याच असतात आणि त्यांतल्या बऱ्याच, कागद आधी दिला असता तर आल्याच नसत्या. फक्त हा माणूस फीवसुलीच्या उद्दिष्टावर मोजला जाता कामा नये, नाहीतर सल्ला आणि वसुली एकाच तोंडातून बाहेर पडतील.

असा माणूस तुमच्या कॉलेजात भेटेपर्यंत एवढं करा: डीडी काढण्याआधी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून तुमच्या कॉलेजच्या मंजूर शुल्काचं पान छापून घ्या, तो कागद फीच्या खिडकीवर पुढे ठेवा आणि त्यात नसलेल्या प्रत्येक रुपयाची पक्की पावती मागा.